गहाण पडलेले घर

(लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



लातूरच्या गंजगोलाईच्या मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आहे आणि त्याच्याभोवती सोळा रस्ते फुटतात. या रस्त्यांवरच्या पेढ्यांत आणि पुढे मार्केट यार्डातल्या आडत दुकानांत रोख रकमेपेक्षाही अधिक चालणारे एक नाणे आहे. त्याचे नाव ‘पत’. तूर किंवा सोयाबीन घरात येण्याच्या कितीतरी आधी शेतकरी आडत्याकडून उचल घेतो, बियाण्याची पिशवी खांद्यावर टाकून गावाकडे निघतो, आणि खतावणीत त्याच्या नावापुढे एक आकडा पडतो. साक्षीदार नसतो, पुष्कळदा सहीसुद्धा नसते. नांदेडच्या वजिराबादेतही हाच रिवाज. ज्याची पत आहे त्याचे अडत नाही. आणि ज्याने ‘हात वर केले’ त्याच्या नातवालासुद्धा ‘अमक्याचा नातू का?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. माणूस निवर्तला तरी खाते मागे उरते, हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको.

आजचा विषय या खात्याचाच आहे. ज्याला कर्ज फेडता येत नाही त्याला कायदा मोकळे करतो. मग धर्मही त्याला मोकळे करतो काय? आणि ज्याची अपकीर्ती झाली आहे अशा माणसाने पैसे चुकते केले, तर त्याची अब्रू परत येते काय? हा प्रश्न वकिलांच्या आणि बँकवाल्यांच्या हाती सोपवून आपण स्वस्थ बसलो आहोत. वास्तविक तो घराघरातला प्रश्न आहे.

त्याचा विचार करण्यासाठी आखाड्यात जावे हे बरे. कारण कुस्तीची भाषा या भागाला समजते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला फड असो की लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला, हजारो माणसे मातीभोवती कडे करून बसतात. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी ‘रुस्तुम-ए-हिंद’चा मान मिळवला, तेव्हा अवघ्या मराठवाड्याची छाती फुगली होती. या फडात चीतपट होण्याची लाज कोणाला वाटत नाही. जोड लागल्यावर आखाडा सोडून जाणाऱ्याचे नाव मात्र पुन्हा पुकारले जात नाही. कर्जदाराच्या बाबतीतही हाच भेद करता येतो का, हे पाहावयाचे आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल. त्यामुळे माती घरातच होती. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांचा खर्च उचलला. खाशाबा तेथे पहिल्यांदाच गादीवर लढले. मातीत वाढलेल्या मल्लाला गादी म्हणजे परका मुलूख. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तेव्हा संस्थाने विलीन झालेली होती, राजाश्रय संपलेला होता आणि लोकशाहीतले शासन अजून मल्लांकडे वळलेले नव्हते. शासनाकडे केलेल्या विनंतीला ‘स्पर्धा झाल्यावर या’ अशा आशयाचे उत्तर मिळाल्याचे सांगितले जाते. स्पर्धा झाल्यावर भाड्याचे पैसे घेऊन मल्लाने करावे तरी काय, याचा उलगडा मात्र कोणी केला नाही.

मग गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोणी दोन रुपये दिले, कोणी पाच दिले. ते पुरेनात. अशा वेळी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे करून या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले. १९५२ सालचे सात हजार रुपये म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाची कित्येक वर्षांची पुंजी. प्राचार्य काही सावकार नव्हते, की हा पोरगा त्यांचा नातलग नव्हता. घर गहाण टाकताना त्यांच्या घरातल्या माणसांना काय वाटले असेल, याची नोंद इतिहासात नाही. आपल्या इतिहासात अशा नोंदी फार थोड्या असतात.

जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे येण्यासाठी १९९६ साली अटलांटात लिअँडर पेस उभा राहीपर्यंत चव्वेचाळीस वर्षे जावी लागली. जपानच्या शोहाची इशीशी झालेल्या प्रदीर्घ लढतीनंतर नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे केले गेले आणि त्या वेळी हरकत घेण्यासाठी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, ही हकीकतही पुष्कळांनी ऐकलेली असेल. तो वेगळा विषय आहे. आपल्या विषयाला सुरुवात होते ती मल्ल परत आल्यावर.

कऱ्हाडला मिरवणूक निघाली. शंभराहून अधिक बैलगाड्या, ढोल, लेझीम, गुलाल. ज्याचा असा सत्कार झाला त्याने काय करावे? सर्वसाधारण माणूस सत्कार घेत हिंडतो आणि शासकीय बक्षिसाची वाट पाहतो. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लढवल्या, त्या जिंकल्या आणि मिळालेली रक्कम प्राचार्यांच्या हाती देऊन त्यांचे घर सोडवले. ऑलिंपिकवीर पुन्हा मातीत उतरला तो कर्ज फेडण्यासाठी.

येथे जरा थांबले पाहिजे. ते कर्ज खाशाबांचे होते काय? कायद्याच्या दृष्टीने अजिबात नव्हते. घर प्राचार्यांचे, गहाणखत प्राचार्यांचे, सही प्राचार्यांची. उद्या ते घर लिलावात गेले असते तरी कोणत्याही न्यायालयाने खाशाबा जाधवांना बोलावले नसते. शिवाय खर्डेकर सरांनी ती रक्कम परतफेडीची अट घालून दिली होती असे कोणी सांगितलेले नाही. म्हणजे ज्या कर्जाचा कागद नाही, ज्याची मागणी नाही आणि ज्याची जबाबदारीही नाही, असे कर्ज या मल्लाने स्वतःच्या खाती ओढून घेतले. ‘गुरूंनी आशीर्वाद दिला, मी पदक आणले, हिशेब पुरा झाला’ असे म्हणण्याची सोय त्यांना होती. देशाला पदक देऊन गुरूचे घर मात्र गहाणच ठेवणे त्यांना मानवले नाही. पदक देशाच्या खाती जमा होते. घर एका माणसाच्या खाती नावे पडलेले होते. या दोन रकमांची परस्पर वजावट होत नाही, हे गोळेश्वरच्या त्या मल्लाला उमजले होते.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. मनुस्मृतीत व्यवहाराची, म्हणजे न्यायालयीन तंट्यांची, अठरा पदे सांगितली आहेत. त्यातले पहिले पद आहे ‘ऋणादान’. चोरी, मारामारी, सीमेचे तंटे ही सारी नंतर येतात. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती कल्याणी चालुक्यांचा सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या राजवटीत. हे कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण. लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की बिदर जिल्ह्यात लागते. पुढे जवळजवळ साऱ्या हिंदुस्थानातल्या हिंदू कुटुंबांचे वारसा आणि कर्जाचे तंटे ज्या ग्रंथाच्या आधारे सुटले, तो ग्रंथ आपल्या उंबरठ्याशी लिहिला गेला. निलंगा-औराद भागातल्या किती शाळांतून हे मुलांना सांगितले जाते, हा प्रश्न विचारला की उत्तर ऐकून वाईट वाटेल.

धर्मशास्त्राचा दंडक असा की पित्याचे ऋण पुत्राने व्याजासह फेडावे, नातवाने केवळ मुद्दल फेडावे आणि पणतूला, जर त्याच्याकडे पूर्वजांची मालमत्ता आलेली नसेल, तर कर्जाने बांधू नये. कर्ज बुडवून मेलेल्याला परलोकी सुटका नाही अशी श्रद्धा असल्यामुळे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य ठरले. पण याच शास्त्राने एक महत्त्वाचा अपवाद सांगितला. मद्यपान, जुगार आणि व्यभिचार यांपायी झालेले कर्ज, तसेच राजाने केलेला दंड, पुत्राच्या माथी मारता येत नाही. बापाच्या पापाचा भार निरपराध मुलावर नको, ही त्यामागची दृष्टी.

आणि बंधन केवळ ऋणकोवर होते असे नव्हे. धनकोवरही होते. ‘दामदुप्पट’ हा शब्द हल्ली लोकांना फसव्या ठेव योजनांच्या जाहिरातींमुळे ठाऊक असतो. मूळ अर्थ अगदी उलट आहे. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, हा तो नियम. मुंबईच्या उच्च न्यायालयानेही तो हिंदू कर्जदारांच्या बाबतीत मान्य केला होता. सावकाराला लगाम घालण्यासाठी जन्मलेला शब्द भोळ्या ठेवीदारांना गळाला लावण्यासाठी वापरला जावा, याहून शब्दाची विटंबना ती कोणती?

इंग्रजी अमदानीत हा समतोल मोडला. दस्तऐवज आणि मुदतीचा कायदा सावकाराच्या बाजूने उभे राहिले, आणि १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांपुरता होता. मराठवाडा निजामाच्या अमलाखाली असल्याने येथल्या कुणब्याच्या वाट्याला तो दिलासाही आला नाही. पुढे २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानंतर घेतलेल्या कर्जापुरते पुत्राचे ते धार्मिक कर्तव्य न्यायालयात अंमलात आणता येईनासे झाले. हे योग्यच झाले असे म्हणावे लागेल. पुत्राच्या मनात जे कर्तव्य नाही ते बेलिफाच्या हातून पार पाडून घेण्यात धर्म कसला?

धनकोच्या धर्माची परिसीमा आपल्याकडे देहूच्या वाण्याच्या घरी झाली. तुकोबांचे घर महाजनकीचे. गावात येणे होते, कर्जखते होती. दुष्काळात घर कोसळले, वैराग्य आले, तेव्हा तुकोबांनी काय केले? परंपरा सांगते की त्यांनी धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी खतांची वाटणी केली. कान्होबांच्या वाट्याची खते त्यांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. यातली वाटणी लक्षात घेण्याजोगी आहे. दुसऱ्याच्या येण्यावर उदार होण्याचा अधिकार त्यांनी घेतला नाही. आजकाल कर्जमाफीच्या घोषणा करणाऱ्या सर्वपक्षीय पुढाऱ्यांनी ही गोष्ट बारकाईने वाचावी. ठेवीदाराच्या वाट्याचे कागद इंद्रायणीत टाकून संतपदाला पोहोचता येत नाही.

आता कायद्याकडे वळू. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, आणि ते दोन्ही बोलके आहेत. दिवाळे निघालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि त्यावरून लोक काय ते समजत. ‘दिवाळे’ शब्दाची व्युत्पत्ती अशी सांगितली जाते. दुसरा शब्द ‘नादार’. ज्याच्यापाशी नाही तो नादार. मागच्या पिढीतल्या कितीतरी मोठ्या माणसांनी शाळेत ‘नादारी’वर, म्हणजे फी माफ होऊन, शिक्षण घेतले आणि ते अभिमानाने सांगतात. दिवाळखोर म्हटले की माणूस चवताळतो. नादार म्हटले की मान खाली घालतो. आपल्या लोकांनी बोलण्यात जो भेद केला, तोच कायद्याला करावयाचा असतो: एकापाशी नाही म्हणून तो देत नाही, दुसऱ्यापाशी आहे आणि तरी तो देत नाही.

मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि उर्वरित देशासाठी १९२० चा नादारीचा कायदा. १९२० च्या कायद्यात कर्ज पाचशे रुपये असले तरी माणूस नादारीचा अर्ज करू शकतो! तेव्हाचे पाचशे आणि आताचे पाचशे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, पण आकडा तसाच राहिला. २०१६ साली नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली. कंपन्यांसाठी ती लगेच लागू झाली. व्यक्तींविषयीचा भाग मात्र १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या जामीनदारांपुरता अंमलात आला. लातूरचा किराणा दुकानदार किंवा नांदेडचा रिक्षावाला बुडाला तर त्याच्यासाठी अजून शंभर वर्षांपूर्वीचाच दरवाजा आहे, आणि तो दरवाजा ठोठावणारे क्वचितच आढळतात. राज्यघटनेने तर मुक्त न झालेल्या नादार माणसाला संसदेचा आणि विधिमंडळाचा सदस्य होण्यास अपात्र ठरवले आहे.

या नव्या संहितेतली एक तरतूद मात्र मिताक्षरेच्या वाचकाला ओळखीची वाटेल. न्यायालयाने केलेला दंड, निष्काळजीपणाची नुकसानभरपाई, बायकामुलांची पोटगी, ही देणी नादारीने पुसली जात नाहीत. स्मृतिकारांनी म्हटले होते की बापाचा दंड मुलाने भरू नये. संहिता म्हणते की ज्याचा दंड त्याने तो भरलाच पाहिजे, नादारीची पळवाट नको. एकाच विचाराच्या या दोन बाजू होत.

आणि नादार माणसावर किती चालून जावे, यालाही मर्यादा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमान्वये कर्जदाराची भांडी, अंथरूण, कपडे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे, तसेच धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नये असे दागिने, म्हणजे आपल्याकडचे मंगळसूत्र, यांवर जप्ती येत नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असा निवाडा दिला की ज्याच्यापाशी खरोखरच फेडण्याची ऐपत नाही त्याला कर्जापायी तुरुंगात घालणे हे घटनेच्या एकविसाव्या कलमाविरुद्ध आहे. दानत खोटी असेल तरच तुरुंग. विदर्भ-मराठवाड्यात ज्या घरांतून कर्त्या पुरुषाने गळफास घेतला, त्या घरांना हे कलम आणि हा निवाडा जर कोणी वेळेवर समजावून सांगितला असता! कायदा त्या माणसाला इतका निर्दय नव्हता, जितका त्याला तो वाटला. निर्दय होती ती लाज. पत गेली म्हणजे जगणे गेले असे मानणारा समाज प्रामाणिक असतो, हे खरे. पण तो आपल्यातल्या सर्वांत प्रामाणिक माणसालाच प्रथम मारतो, हेही तितकेच खरे. बुडवायचे ठरवलेल्याला रात्री झोप लागते. येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. दारावर बसून वसुली करणारा येऊन गेल्यानंतर त्या घरी दुसरे कोणीतरी जाऊन बसले पाहिजे, वही घेऊन, कोणाचे किती, कोणते खरे, कोणते अवैध सावकारीचे, याचा हिशेब मांडून देणारे. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा ठरवला आहे आणि सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते, एवढे जरी गावोगाव पोहोचले तरी ते थोडे नव्हे.

परदेशातल्या तीन माणसांच्या हकिकती येथे सांगण्याजोग्या आहेत. पहिला लेखक, उरलेले दोघे खेळाडू. अमेरिकी लेखक मार्क ट्वेन यांची प्रकाशन संस्था १८९४ साली बुडाली. छपाईच्या एका यंत्रात त्यांनी ओतलेला पैसाही गेला. कायद्याने ते सुटू शकत होते. साठीच्या उंबरठ्यावर असलेला हा माणूस १८९५ साली जगाच्या व्याख्यान दौऱ्यावर निघाला, १८९६ च्या जानेवारीत मुंबईला उतरला, व्याख्याने देत हिंदुस्थानभर हिंडला आणि १८९८ पर्यंत त्याने पै न् पै चुकती केली. आपल्या मुंबईकर श्रोत्यांनी तिकिटापोटी दिलेल्या रुपयांचाही त्या फेडीत वाटा आहे.

दुसरा मायकेल विक. हा अमेरिकी फुटबॉलमधला अत्यंत नामांकित खेळाडू. आपल्या मालकीच्या जागेत कुत्र्यांच्या जीवघेण्या झुंजी लावणे आणि न लढणाऱ्या कुत्र्यांना मारून टाकणे, असा त्याचा गुन्हा. २००७ साली त्याने तो कबूल केला. तेवीस महिन्यांची शिक्षा झाली. करार गेले, जाहिराती गेल्या, आणि २००८ मध्ये तुरुंगातूनच त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकी कायद्यात येथे दोन वाटा असतात. असलेली मालमत्ता विकून टाकावी आणि उरलेल्या कर्जातून सुटावे, ही एक. भविष्यातल्या कमाईतून हप्त्याहप्त्याने फेडण्याची योजना न्यायालयापुढे ठेवावी, ही दुसरी. त्याने दुसरी निवडली. २००९ साली तो पुन्हा मैदानात उतरला, कोट्यवधी डॉलर कमावू लागला. पण स्वतःसाठी वर्षाला सुमारे तीन लाख डॉलरची मर्यादा न्यायालयाने घालून दिली होती आणि त्यावरचे धनकोंकडे जात होते. काही वर्षांत त्याने सुमारे पावणेदोन कोटी डॉलर फेडले. वर्षाला तीन लाख डॉलर ही रक्कम ऐकून लातूरकर हसतील, हे उघड आहे. पण ज्याने त्याच्या कितीतरी पट उधळले होते त्याच्यापुरता तो उपवासच.

मग विक स्वच्छ झाला काय? अमेरिकेत यावर अजूनही वाद होतो. धनको म्हणतात, आमचे मिळाले. प्राणिप्रेमी म्हणतात, त्या कुत्र्यांचे काय? येथे आपल्या शास्त्राची मांडणी अधिक नेमकी आहे. धनकोचे ते ऋण, राजाचा तो दंड आणि आत्म्याचे ते प्रायश्चित्त, अशी तीन खाती त्यात वेगळी ठेवलेली आहेत. तुरुंगात गेल्याने कर्ज फिटत नाही आणि कर्ज फेडल्याने पाप धुतले जात नाही. विकने तुरुंग भोगला, तो दंड. पावणेदोन कोटी फेडले, ते ऋण. जिवंत राहिलेल्या कुत्र्यांच्या देखभालीसाठी न्यायालयाने त्याच्याकडून नऊ लाखांहून अधिक डॉलर घेतले आणि पुढे तो शाळाशाळांतून मुलांना या क्रौर्याविरुद्ध सांगत हिंडला. हे तिसरे खाते खरोखर कितपत भरले, ते ठरवणे कोणा न्यायाधीशाच्या किंवा वार्ताहराच्या हाती नाही. पण पहिली दोन खाती त्याने नीट चुकती केली, म्हणून तिसऱ्याविषयी निदान बोलता तरी येते.

तिसरा बोरिस बेकर. सतराव्या वर्षी विम्बल्डन जिंकणारा, घराघरातल्या दूरचित्रवाणीवर आपणही पाहिलेला. २०१७ साली लंडनच्या न्यायालयाने त्याला दिवाळखोर जाहीर केले. त्यात विशेष लाजिरवाणे असे काही नव्हते. लाजिरवाणे होते ते पुढचे. मालमत्ता आणि पैसा दडवल्याबद्दल २०२२ साली त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. नादार व्हायला न्यायालयात गेला आणि दिवाळखोर होऊन बाहेर आला! २०१९ साली त्याची पदके आणि स्मृतिचिन्हे धनकोंसाठी लिलावात विकली गेली होती.

आपल्याकडे या जातीचे उदाहरण शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. क्रिकेटच्या संघाचे मालक म्हणून मिरवणारे, बँकांची हजारो कोटींची देणी मागे ठेवून २०१६ साली लंडनला गेलेले विजय मल्ल्या २०१९ साली येथे फरारी आर्थिक गुन्हेगार ठरले आणि २०२१ साली तेथल्या न्यायालयाने त्यांना दिवाळखोर जाहीर केले. आणि याच देशात अमिताभ बच्चन यांची कंपनी बुडाली, दारावर धनको आले, तेव्हा ते पडेल ते काम मागायला निघाले आणि देणी चुकती केली, हेही सर्वांना ठाऊक आहे. दोघांवर कायदा एकच होता. भेद दानतीचा.

आता पुन्हा गोळेश्वरला येऊ. खाशाबांनी घर सोडवले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना खेटे घालावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर तब्बल सोळा-सतरा वर्षांनी. २०१० साली दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव दिले गेले. त्यांच्या गावी कुस्तीचे प्रशिक्षण केंद्र उभारण्याचे आश्वासन शासनाने दिले होते. वर्षे गेली, केंद्र उभे राहीना. तेव्हा २०१७ साली त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीर केले की हेलसिंकीचे कांस्यपदक लिलावात काढू आणि येणाऱ्या पैशांतून गावात केंद्र बांधू.

बेकरची पदके विकली गेली ती त्याचे देणे फेडण्यासाठी. खाशाबांचे पदक विकायला काढावे असे त्यांच्या घरच्यांना वाटले, ते दुसऱ्याच कोणाच्या तरी थकलेल्या देण्यापायी. त्या थकबाकीदाराचे नाव कोणत्याही बँकेच्या यादीत नाही, आणि त्याच्यावर जप्ती आणण्याची सोय १९२० च्या कायद्यातही नाही, २०१६ च्याही नाही. सात हजारांसाठी कोल्हापूरच्या मातीत पुन्हा लांग कसून उतरलेल्या त्या मल्लाला हे सारे कळले असते, तर तो बहुधा काही बोलला नसता. पुढची कुस्ती कोठे आहे, एवढेच त्याने विचारले असते.